अमेरिकेतली अकरावी : पिरियड सहा, विषय सात

चाफेकळी | १९ जानेवारी, रात्री ११.४०

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून इथे आले. लेक दहावीत आहे, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं साधं पब्लिक हायस्कूल. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म ६ फेब्रुवारीपर्यंत भरायचाय. दिवसाला पिरियड सहा. इंग्लिश, इतिहास, गणित, सायन्स, स्पॅनिश हे पाच ठरलेले. उरतो एक, आणि त्या एकावरून आमच्याकडे दहा दिवस जेवणाच्या टेबलावर फक्त वाटीचमच्यांचा आवाज येतोय.

इंग्लिशला एपी लँग्वेज आणि इतिहासाला एपी यूएस हिस्टरी हे तिचं तिनेच ठरवलंय. (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स.) यंदा एपी वर्ल्ड हिस्टरी चालू आहे, झेपतंय. वाद पुढचे:

गणित. आठवीत अल्जिब्रा १, नववीत जॉमेट्री, यंदा अल्जिब्रा २. सरळ वाटेने गेलं तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. नवरा म्हणतो, उन्हाळ्यात सहा आठवड्यांत प्रीकॅल्क उरकू, अकरावीतच एपी कॅल्क्युलस बीसी घेऊ. "सगळ्यांची मुलं तेच करतात." सगळे म्हणजे त्याच्या टीममधले दोघं.

सायन्स. यंदा ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीची) केमिस्ट्री आहे, ए आहे. पुढे एपी केमिस्ट्री की फिजिक्स?

आणि सहावा पिरियड. नवऱ्याला तिथे एपी कॉम्प्युटर सायन्स ए हवंय. लेकीला सिरॅमिक्स २, म्हणजे मातीकाम. नववीत सिरॅमिक्स १ केलं होतं, यंदा जागा मिळाली नाही म्हणून वर्षभर कुरकुरतेय.

पुढे काय करायचं ते तिला पक्कं माहीत नाही. इंजिनिअरिंग कदाचित, एवढंच. मुख्यतः यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस, आणि बाहेरची चार-पाच कॉलेजं डोक्यात आहेत. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा. "मुलीला हवं ते करू दे" एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका प्लीज, ते माझी आई रोज व्हिडिओ कॉलवर सांगते.

---

निंबोणी | २० जानेवारी, सकाळी ६.१५

मुलीला हवं ते करू दे. (दिवा घे, गंमत केली!)

आमचीही दहावीतच आहे, त्यामुळे इथेच बसते.

---

ऑस्टिनकर | २० जानेवारी, सकाळी ७.०२

चाफेकळी, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात हे नशीब समजा. आमच्याकडे टेक्सासात सगळा खेळ रँकचा. १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश आला. पण यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) एवढी गर्दी झाली की त्यांना आकडा खाली आणायची मुभा द्यावी लागली. बरीच वर्षं ६ टक्के होता, आता ५. आणि थेट प्रवेश म्हणजे विद्यापीठात प्रवेश, हव्या त्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, नाही. हे बऱ्याच पालकांना बारावीत कळतं.

आता गंमत बघा. रँक निघतो वेटेड जीपीएवर, म्हणजे अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेल्या ग्रेडच्या सरासरीवर. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये बँड, चित्रकला, नाटक यांना जादा वजन नाही. म्हणजे बँडमध्ये ए मिळवणाऱ्या मुलाची सरासरी एपी घेऊन ए मिळवणाऱ्यापेक्षा खाली जाते. मुलं हिशेब करून बँड सोडतात. माझ्या मुलाने सोडला नाही, चार वर्षं ट्रॉम्बोन वाजवला. रँक ७ टक्क्यांवर अडकला, तेव्हा ६ ची अट होती. यूटी हुकलं. टेक्सास ए अँड एमला १० टक्के चालतात, तिकडे गेला आणि आता तिथल्या बँडमध्ये आहे.

तात्पर्य विचारू नका, मलाही अजून ठरवता आलेलं नाही. पण आधी तुमच्या राज्याचे नियम काढा, मग विषय. राज्य बदललं की गणित बदलतं.

---

आकडेमोड | २० जानेवारी, दुपारी १२.३०

ऑस्टिनकरांशी सहमत, म्हणून यूसीचे नियमच मांडतो. दोन मुलं यातून काढलीत, एक्सेल अजून जपून ठेवलंय.

यूसी नववीचे ग्रेड जीपीएत धरत नाही. नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड, आणि तेही ए-जी यादीतल्या (यूसीने ठरवलेले विषयांचे सात गट) विषयांचेच. एपीला किंवा यूसीने मान्य केलेल्या ऑनर्सला एक जादा गुण मिळतो, पण तो जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना, आणि त्यातले दहावीतले ४ च. हा ८ चा बांध लोक विसरतात.

आता तुमच्या लेकीचं. दहावी-अकरावी मिळून वर्षाला सहा विषय, म्हणजे २४ सेमिस्टर ग्रेड. दहावीत एपी वर्ल्ड, २ सेमिस्टर. अकरावीत एपी लँग्वेज २, यूएस हिस्टरी २, एपी केमिस्ट्री घेतलं तर २. झाले ८. बांध भरला. ऑनर्स केमिस्ट्री यूसीमान्य असेल तर आधीच भरून वाहतोय.

सगळे ए (प्रत्येकी ४ गुण) धरले तर ९६ अधिक ८, भागिले २४ : ४.३३.
सिरॅमिक्सच्या जागी कॉम्प्युटर सायन्स घेऊन सगळे ए : ४.३३. काडीचाही फरक नाही.
कॉम्प्युटर सायन्समध्ये एका सेमिस्टरला बी आला तर : ४.२९.

सिरॅमिक्स हा ए-जीतल्या एफ गटातला विषय, व्हिज्युअल आर्ट. एक वर्ष तर सक्तीचंच आहे, ते तिने नववीत केलंय. दुसरं वर्षही मोजलं जातं, शाळेच्या कोर्सला यूसीची मान्यता असली की झालं. शाळेचं नाव टाकून यूसीच्या कोर्स लिस्टमध्ये शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक इशारा. बांध जीपीएच्या आकड्याला आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना नाही. अर्ज वाचणाऱ्याला एपी किती घेतले, शाळेत किती होते, बारावीत काय घेतलंय हे सगळं दिसतं. त्यामुळे "८ झाले, आता आराम" असा अर्थ काढू नका. शिवाय यूसी २०२१ पासून एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघतच नाही, आणि बहुतेकांकडून शिफारसपत्रंही मागत नाही. म्हणजे विषय, ग्रेड, निबंध आणि बाकीचे उद्योग एवढ्यावरच सगळा भार.

---

चाफेकळी | २० जानेवारी, दुपारी १.१०

आकडेमोड, ते ४.३३ आणि ४.२९ नवऱ्याला वाचून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प होता. आमच्या घरात हे विक्रमी आहे.

---

वडाची_साल | २० जानेवारी, दुपारी ३.४५

पुण्याहून लिहितोय, क्षमस्व. तुमचं वाचून १९९४ आठवलं. दहावीला "संस्कृत घे, मार्क पडतात", अकरावीला "बायो सोड, इलेक्ट्रॉनिक्स घे, दोनशे मार्कांचा स्कोअरिंग विषय". मराठी सोडून जर्मन घेणारे तर गल्लोगल्ली. मला वनस्पतिशास्त्र आवडायचं. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. आज मी दोन्हींतलं काहीच करत नाही, बँकेत आहे.

तुम्ही एवढे सात समुद्र ओलांडून गेलात आणि टेबलावर वाद तोच?

---

ऑस्टिनकर | २० जानेवारी, दुपारी ४.०१

साहेब, समुद्र ओलांडताना एक बॅग केबिनमध्ये अलाउड असते. त्यात हेच भरून आणलं.

---

खडू_फळा | २० जानेवारी, रात्री ९.२०

गेली चौदा वर्षं इलिनॉयमध्ये हायस्कूलला गणित शिकवते, प्रीकॅल्क आणि बीसी दोन्ही. गणिताच्या वादावर सविस्तर लिहिते, बाकीचं इतरांनी बघा.

उन्हाळ्यात प्रीकॅल्क उरकून आलेली मुलं दर वर्षी माझ्या बीसीच्या वर्गात येतात. ऑगस्टमध्ये ती सगळ्यांत पुढे असतात, कारण नियम पाठ असतात. ऑक्टोबरअखेर चाक रुतायला लागतं. कॅल्क्युलसमध्ये मुलं क्वचितच कॅल्क्युलसमुळे अडकतात. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढतात आणि पुढची ओळ सोपी करताना अपूर्णांकात पडतात. ट्रिगच्या ओळखी हाताला बसलेल्या नसतात. लॉगरिदम बघून दचकतात. हे सगळं प्रीकॅल्कमध्ये वर्षभर रोज घासून बसतं, सहा आठवड्यांत फक्त नजरेखालून जातं. आणि बीसीत शेवटी शेवटी सिरीज येतात, तिथे तर कच्ची वीट लगेच दिसते.

काही मुलांना उन्हाळी कोर्स मानवतो, नाही असं नाही. ज्याला अल्जिब्रा २ मध्ये कंटाळा येतोय, जो वहीत स्वतःहून पुढची गणितं करतोय, त्याला जाऊ द्या. कसोटी साधी आहे. यंदाच्या अल्जिब्रा २ ची फायनल समोर ठेवा आणि चुकलेली गणितं तिला स्वतः समजावून सांगायला लावा. समजावता आली तर विचार करा.

आता मुख्य मुद्दा, जो चाफेकळीच्या घरी कुणी सांगितलेला दिसत नाही. कॅल्क्युलस एबी (बीसीहून लहान एपी कोर्स) ही बीसीची पायरी नाही. बीसीत एबीचा सगळा भाग आहेच, वर पॅरामेट्रिक, पोलर आणि सिरीज. परीक्षेत एबीचा वेगळा सबस्कोअरही मिळतो. म्हणजे अकरावीत ऑनर्स प्रीकॅल्क नीट करून बारावीत थेट बीसी घेता येतं, बहुतेक शाळा देतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीच्या अर्जात "बारावी : कॅल्क्युलस बीसी" असेल तर कुठलंही कॉलेज नाक मुरडत नाही. अकरावीत बीसी करून बारावीत मल्टिव्हेरिएबल घेणारी मुलं असतात, पण ती आठवीत जॉमेट्री करून आलेली असतात. तुमची लेक त्या गाडीत बसलेली नाही. मधल्या स्टेशनवर धावत चढायचं कारण मला दिसत नाही.

जाता जाता : २०२३ पासून एपी प्रीकॅल्क्युलसही निघालंय. शाळेत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण फक्त नावापुढे एपी लागतं म्हणून ऑनर्स प्रीकॅल्कच्या चांगल्या मास्तरणीला सोडू नका. मास्तर बघून विषय घेणं हा जुना मार्ग अजून चालतो.

---

निंबोणी | २० जानेवारी, रात्री ९.५५

खडू_फळा, शेवटच्या वाक्याला शंभरदा अनुमोदन. पोस्ट जपून ठेवली.

---

दुधाळ_चहा | २१ जानेवारी, सकाळी ८.३०

एवढं डोकं चालवण्यापेक्षा प्रायव्हेट काउन्सेलर लावा. आम्ही लावला होता. त्याने पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, बारावीपर्यंत कमीत कमी १० एपी, त्याखाली टॉपची कॉलेजं बघतच नाहीत.

---

खडू_फळा | २१ जानेवारी, सकाळी ९.१२

असा कुठलाही किमान आकडा कॉलेजं लावत नाहीत. तुमच्याकडून पैसे घेऊन कुणी आकडा सांगितला असेल तर त्याला विचारा, हे कुठल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर आहे.

आत काय होतं ते सांगते, कारण आमच्याच ऑफिसातून हे कागद जातात. कॉमन अ‍ॅपवर (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) अर्ज केला की शाळेचा काउन्सेलर एक स्कूल रिपोर्ट पाठवतो. त्यात एक प्रश्न असतो : या मुलाने घेतलेले विषय तुमच्या शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत किती खडतर? पर्यायांतला सर्वांत वरचा 'मोस्ट डिमांडिंग'. त्याबरोबर शाळेची प्रोफाइल जाते. शाळेत किती एपी आहेत, कुठल्या इयत्तेपासून घेता येतात, ग्रेडला वजन आहे का, सगळं. चार एपी असलेल्या खेड्यातल्या शाळेत तीन घेणाऱ्याला वरची खूण मिळते, पंचवीस एपी असलेल्या शाळेत तीनला मिळत नाही.

म्हणून काउन्सेलरला "किती एपी हवेत" असं विचारू नका. विचारा : "आपल्या शाळेत ती वरची खूण तुम्ही साधारण कधी करता?" बरेच जण सरळ उत्तर देतात. आणि हे कॉमन अ‍ॅपच्या कॉलेजांपुरतं. यूसीच्या अर्जात हा रिपोर्ट नसतो.

---

दुधाळ_चहा | २१ जानेवारी, सकाळी ९.४०

आमच्या मुलाने ११ घेतले आणि चांगल्या ठिकाणी लागला, एवढं मला माहीत आहे.

---

वडाची_साल | २१ जानेवारी, सकाळी ९.५२

आमच्या सोसायटीतला एक मुलगा रोज पहाटे ओव्यात भिजवलेले बदाम खाऊन आयआयटीला लागला.

---

अर्धी_जर्सी | २१ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. मी इथे नेहमी फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. मी न्यू जर्सीत एडिसनला वाढले, मराठी शाळेत आठ वर्षं गेले, तरी चुका होतील. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईने ही लिंक पाठवली आणि म्हणाली तुझं सांग.

मी १० एपी घेतले. अकरावीत पाच. त्या वर्षी मला फार काही आठवत नाही, हे मी खरंच सांगते. फक्त पहाटे दोनला यूएस हिस्टरीचे डॉक्युमेंट वाचताना आई दूध आणून ठेवायची आणि सकाळी ते साय धरलेलं तसंच असायचं.

माझी एपी केमिस्ट्रीची परीक्षा छान झाली, पाचपैकी पाच मिळाले. माझ्या स्टेट युनिव्हर्सिटीने पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीचं क्रेडिट दिलं. सगळे म्हणाले, वा, पैसे वाचले. मी थेट ऑरगॅनिकला बसले. वर्गातल्या बाकी मुलांनी जनरल केमिस्ट्री वर्षभरापूर्वी त्याच प्रोफेसरकडे केली होती. मी दोन वर्षांपूर्वी, हायस्कूलमध्ये. मला सी मिळाला. क्रेडिट मिळालं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नसतं, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या रूममेटने पाच असूनही पहिल्यापासून केमिस्ट्री केली आणि तिला ए मिळाला.

आणि क्रेडिट सगळीकडे मिळत नाही. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. ब्राऊनला एपीने वरच्या वर्गात बसता येतं, पण डिग्रीतले कोर्स कमी होत नाहीत. स्टेटच्या युनिव्हर्सिटी बऱ्याच देतात. म्हणून पैसे वाचवायला एपी घेणार असाल तर आधी कॉलेज बघा.

मला सिरॅमिक्ससारखं काही नव्हतं. माझी निबंध लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे लिहायला फक्त एपी होते.

---

मात्रा_वेलांटी | २१ जानेवारी, रात्री ११.०५

छान लिहिलंस. फक्त 'माझी निबंध लिहायची वेळ' ऐवजी 'माझ्यावर निबंध लिहायची वेळ'. किंवा 'मला निबंध लिहायचा होता तेव्हा'.

---

निंबोणी | २१ जानेवारी, रात्री ११.०७

मात्रा_वेलांटी, तिने साय धरलेल्या दुधाचं लिहिलंय आणि तुम्हाला षष्ठी दिसली!

---

मात्रा_वेलांटी | २१ जानेवारी, रात्री ११.१५

दूधही दिसलं. म्हणूनच 'छान लिहिलंस' आधी लिहिलं.

---

दोन_बंदर | २२ जानेवारी, दुपारी २.००

थोडं वेगळं. आमच्या मुलाच्या शाळेत एपीऐवजी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आहे. तिथे हा एकेका पिरियडचा बाजार नसतो, सगळं पॅकेज एकत्र येतं. सहा विषय, त्यातले तीन हायर लेव्हलचे, शिवाय थिअरी ऑफ नॉलेज, चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे आणि कॅस, म्हणजे कला, खेळ, समाजसेवा. प्रत्येक विषयाला ७ म्हणजे ४२, वरचे ३, एकूण ४५. लिहिणारं आणि वाचणारं मूल असेल तर उत्तम. पण हायर लेव्हलला गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री एकदम घेतली तर एपीवाल्यांचा हेवा वाटायला लागतो. चाफेकळीच्या शाळेत आयबी नाही, त्यामुळे तिला उपयोग नाही, पण धागा पुढे कुणी वाचेल.

---

आकडेमोड | २२ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

सायन्सबद्दल राहिलं होतं. फिजिक्समध्ये चार एपी आहेत, लोक घोळ घालतात. फिजिक्स १ आणि २ मध्ये कॅल्क्युलस लागत नाही. फिजिक्स सी मेकॅनिक्स आणि सी इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम यांना लागतो. इंजिनिअरिंगसाठी सी जास्त उपयोगी, पण ती कॅल्क्युलसबरोबर किंवा नंतर घ्यावी. म्हणजे तुमच्या लेकीला बारावीत बीसीबरोबर फिजिक्स सी. मग अकरावीत एपी केमिस्ट्री, ऑनर्स केमिस्ट्री ताजी असताना. क्रम आपोआप लागतो.

कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे जावा. तुमच्या नवऱ्याला ते हवंच असेल तर उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात घ्या. फूटहिल, डी अँझा जवळच आहेत. आपल्या राज्यात हायस्कूलच्या मुलांना ट्यूशन माफ असते, पुस्तकं आणि किरकोळ फी तेवढी. मात्र गमतीत घेऊ नका. कम्युनिटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट आयुष्यभर मागे येतं. प्रत्येक अर्जात दाखवावं लागतं, मध्येच सोडलं तर डब्ल्यू दिसतो.

---

कोकम_सरबत | २३ जानेवारी, सकाळी ७.३०

स्पॅनिशबद्दल कुणीच बोललं नाही. एक मैत्रीण परवा म्हणाली, मुलीला मराठी येतं, स्पॅनिश सोडून तो पिरियड मोकळा करू. करू नका. यूसीला भाषेची दोन वर्षं लागतात, तीन असलेली बरी, आणि बाहेरची कॉलेजं तीन-चार वर्षं बघतात. एपीत मराठी नाहीच. हिंदीही नाही.

पण मराठीचं काहीच होत नाही असंही नाही. सील ऑफ बायलिटरसी ऐकलंय ना, दोन भाषा येणाऱ्यांना मिळणारा शिक्का? कॅलिफोर्नियानेच ते आधी सुरू केलं. त्यासाठी स्टॅम्प नावाची परीक्षा असते, तिच्या छोट्या भाषांच्या आवृत्तीत मराठी आहे. लेखन आणि बोलणं, दोनच. आमच्या लेकीने अकरावीत दिली. बोलण्यात झकास, लेखनात जोडाक्षरांनी घाम काढला. डिप्लोमावर सोनेरी शिक्का आला. कॉलेजला प्रवेश त्याने मिळाला नाही, पण आजीने फोटो फ्रेम करून घेतलाय.

---

चाफेकळी | २३ जानेवारी, रात्री १०.२०

जोडाक्षरांवर हसू आलं. आमची 'कृष्ण' अजून तीन प्रकारे लिहिते.

एक विचारायचं होतं. बारावीत घेतलेल्या एपीचे स्कोअर तर जुलैत येतात, तोवर प्रवेश झालेले असतात. मग बारावीचं एवढं कोण बघतं?

---

खडू_फळा | २४ जानेवारी, सकाळी ७.०५

स्कोअर कुणी बघत नाही, ग्रेड बघतात. बारावीचे विषय अर्जात लिहावे लागतात आणि पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड मिड-इयर रिपोर्टमधून कॉमन अ‍ॅपच्या कॉलेजांना जातात. प्रवेश मिळाल्यानंतरही अट असते, यूसीला बारावीत एकही डी चालत नाही. दर वर्षी जूनमध्ये एखादं मूल रडत येतं, कारण एप्रिलमध्ये होकार आल्यावर त्याने पुस्तक मिटून ठेवलेलं असतं.

म्हणून अकरावीत सगळा दारूगोळा उडवू नका.

---

चाफेकळी | ५ फेब्रुवारी, रात्री ११.५५

फॉर्म भरला. बारा तास आधी! आमच्या घरात हाही विक्रमच.

झालं ते सांगते. काउन्सेलरला खडू_फळाने सांगितलेला प्रश्न विचारला. तिने सांगितलं, आमच्या शाळेत अकरावी-बारावी मिळून साधारण सहा-सात एपी आणि मुख्य पाच विषय शेवटपर्यंत चालू असतील तर ती वरची खूण करते. सिरॅमिक्समुळे खूण हुकली असं एकाही मुलाचं झालेलं तिला आठवत नाही. मी सरळ विचारेपर्यंत तिने हे सांगितलं नव्हतं. तिच्याकडे साडेतीनशे मुलं आहेत, तिला तरी काय बोलणार.

गणिताची कसोटी लावली. अल्जिब्रा २ ची फायनल काढून लेकीला चुकलेली सहा गणितं समजावायला सांगितली. चार छान समजावली. लॉगरिदमच्या दोन्हींना म्हणाली, "असंच करायचं असतं." नवरा समोरच बसला होता. उन्हाळी प्रीकॅल्कचं त्यानेच मागे घेतलं.

आणि तुम्ही सगळे लिहीत असताना मला जाणवलं की सिरॅमिक्स का हवंय, हे आम्ही दोघांनी तिला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं. म्हणाली, नववीत तिने तांब्याचं ग्लेझ लावलेला वाडगा केला होता, तो हिरवा आला. पुस्तकात त्याच ग्लेझचा लाल वाडगा होता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आपली भट्टी विजेची, आत ऑक्सिजन असतो, म्हणून हिरवाच येणार. लाल हवा असेल तर गॅसची भट्टी आणि ऑक्सिजन कमी करावा लागतो. यंदा केमिस्ट्रीत रिडक्शन शिकवलं तेव्हा तिला त्या वाडग्याचा उलगडा झाला. हे तिने आम्हाला वर्षभर सांगितलं नाही, कारण "तुम्ही लगेच त्याचा प्रोजेक्ट केला असता."

केला असता. नवऱ्याच्या डोळ्यांत मला तो दिसलाच.

तर अकरावी : एपी लँग्वेज, एपी यूएस हिस्टरी, ऑनर्स प्रीकॅल्क, एपी केमिस्ट्री, स्पॅनिश ३, सिरॅमिक्स २. बारावीत बीसी आणि फिजिक्स सी, बाकी पुढच्या वर्षी. जावा उन्हाळ्यात, तिला वाटलं तर.

नवऱ्याने एक्सेल बंद केलेलं नाही. बारावीची टॅब उघडलीय.

---

आकडेमोड | ६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

त्याला माझी फाइल पाठवतो, संपर्कातून मेल आयडी कळवा. त्यात कॉलम रंगवलेले आहेत.

---

पहिलाच_पाऊस | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

आमचा मुलगा सहावीत आहे. शाळेने सातवीतच अल्जिब्रा १ घेण्यासाठी चाचणी ठेवलीय, पुढच्या गुरुवारी. नवरा म्हणतो बसवू. मी हा धागा पहिल्यापासून वाचला आणि आता मला काहीच कळत नाहीये. इथेच विचारू की नवीन धागा काढू?